नखांवर रंग हवा, थर नको

गेल्या रमजानमधली गोष्ट. इफ्तारीला अर्धा तास होता. नववीत शिकणारी माझी धाकटी मुलगी फळं चिरायला शेजारी बसली होती, पण हातावरची ओढणी काही बाजूला करत नव्हती. पपईच्या रसाने ओढणी भिजली तरी तिने ती तशीच ठेवली. अजान झाली, रोजा सोडला, मुसल्ले अंथरले. तिने सगळ्यांच्या बरोबरीने मगरिब अदा केली.

रात्री सगळे झोपल्यावर ती माझ्याजवळ आली आणि ओढणीतून हात पुढे केले. दहाही नखांवर गुलाबी रंग, त्यावर बारीक पांढरी फुलं, प्रत्येक फुलाच्या मध्ये पिवळा ठिपका. मैत्रिणीच्या घरी बसून टाचणीच्या डोक्याने दोन तासांत केलेलं काम होतं. खरं सांगायचं तर फुलं फार सुरेख जमली होती.

"अम्मी, चार दिवस झाले," ती म्हणाली. "काढायचं औषध घरात नाही. दादीला सांगायची भीती वाटली. वुजू करत होते, पण पाणी नखाला लागतच नव्हतं ना? माझ्या नमाजा झाल्या असतील का?"

चार दिवस पोरगी मनात हे ओझं घेऊन फिरत होती, आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. मला तिच्या फुलांचा राग आला नाही. राग आला तो या गोष्टीचा, की सजण्याची हौस आणि नमाज यांतलं एकच काही निवडायचं असतं असं तिला वाटलं, आणि तसं नाही हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिच्या अब्बांनी मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारलं. त्यांनी रागावण्याऐवजी समजावून सांगितलं : पॉलिश काढा, आणि त्या चार दिवसांच्या फर्ज नमाजा पुन्हा अदा करा. वीस नमाजा. तिने रोज दोन अशा दहा दिवसांत त्या अदा केल्या.

ओढणीखाली हात लपवणाऱ्या मुली आणखीही घरांत असतील, म्हणून हा लेख. नखं घरच्या घरी, कमी खर्चात, वुजूला अडथळा न येता कशी सजवायची, आणि कुठे सावध राहायचं, ते यात सांगते.

थर आणि रंग

सगळा प्रश्न एका फरकाचा आहे. नेलपॉलिश नखावर थर बसवते. मेहंदी नखात रंग चढवते.

नेलपॉलिशच्या बाटलीत नायट्रोसेल्युलोज नावाचा पदार्थ इथाइल अ‍ॅसिटेटसारख्या उडून जाणाऱ्या द्रवात विरघळवलेला असतो. ब्रश फिरवल्यावर द्रव उडून जातो आणि नखावर पातळ, चिवट पापुद्रा उरतो. तो पाणी अडवतो, म्हणून तर भांडी घासली तरी टिकतो. वुजूत हात धुणं फर्ज आहे आणि नख हा हाताचाच भाग. सहीह मुस्लिममध्ये हजरत उमर (रजि.) यांच्याकडून आलेली रिवायत आहे : एका माणसाने वुजू करताना पायावर नखाएवढी जागा कोरडी सोडली. प्रेषितांनी (स.) ते पाहिलं आणि परत जाऊन नीट वुजू कर असं सांगितलं. नखाएवढी जागा! एवढ्यावरूनच ही बाब किती बारकाईने पाहायची ते कळतं.

हा मसला फक्त बायकांच्या नेलपॉलिशचा नाही, हेही मुलींना सांगायला हवं. रंगकाम करणाऱ्या भावाच्या बोटांवरचा ऑइलपेंट आणि बोटावर सुकलेला चिकट गोंद यांनाही हाच नियम. फिक्हच्या जुन्या ग्रंथांत नखांत अडकलेल्या कणकेचीसुद्धा चर्चा आहे. मुलीला नियम सांगताना तो सगळ्यांचा आहे हे कळलं, की तिला तो आपल्या हौसेवरचा पहारा वाटत नाही.

मेहंदीचं तसं नाही. तिच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. नख आणि त्वचेचा वरचा भाग केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. लॉसोन या केराटिनला जोडलं जातं. लेप खरवडून टाकला की वर काही उरत नाही, नखच रंगलेलं असतं आणि पाणी थेट त्याला लागतं. म्हणून मेहंदीच्या रंगावर वुजू होतं. वाळलेला लेप मात्र नखावर असेपर्यंत तोही थरच. तो काढूनच वुजू करायचं.

"हलाल" किंवा "ब्रीदेबल" नावाने मिळणाऱ्या पॉलिशबद्दल मुली नेहमी विचारतात. त्यांतून हवा किंवा वाफ जाते असा दावा असतो. पण वाफ आरपार जाणं वेगळं आणि वुजूच्या दोन मिनिटांत पाणी नखापर्यंत पोचणं वेगळं. कागदावर पॉलिश लावून खाली पाणी उतरलं असं दाखवतात, पण कागद पाणी शोषतो, नखाचं तसं नाही. उलेमांमध्ये यावर एकमत नाही. बाटलीवरच्या शब्दावर विसंबू नका, आपल्या आलिमांना विचारा.

नखांना रंग लावणं यात मुळात काही वावगं नाही. अबू दाऊदमध्ये हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून एक रिवायत आहे. एका स्त्रीने पडद्याआडून पत्र पुढे केलं. हा हात पुरुषाचा की स्त्रीचा कळत नाही, असं म्हणत प्रेषितांनी (स.) आपला हात आवरता घेतला. स्त्रीचा आहे असं उत्तर आल्यावर, स्त्रीने नखांचा रंग मेहंदीने बदलायला हवा होता, अशा अर्थाचं ते बोलले. या रिवायतीच्या सनदीवर काही मुहद्दिसांनी आक्षेप घेतला आहे, हेही सांगायला हवं. पण नखं मेहंदीने रंगवण्याची रीत किती जुनी आहे ते यातून दिसतं.

दादीची पद्धत

पॉलिशचा प्रकार दादीला कळलाच. आम्ही ओरडा खायच्या तयारीत होतो. त्यांनी नातीचे हात हातात घेतले, फुलं निरखून पाहिली आणि म्हणाल्या, "आम्ही काय नखं रंगवत नव्हतो होय? कुंपणाची पानं पाट्यावर वाटायचो, बोटांच्या टोकांना टोपी घातल्यासारखी लावायचो आणि वर चिंधी बांधून झोपायचो. सकाळी नखं लालबुंद."

पानं तोडायला जाणार असाल तर एक सूचना. बंगल्यांभोवती किंवा बागेत "मेंदी" म्हणून लावलेलं प्रत्येक कुंपण खऱ्या मेहंदीचं नसतं. दुरांटा आणि कडू मेंदी यांचीही कुंपणं असतात. चार कोवळी पानं चुरून तळहातावर दाबून धरा. दहा-पंधरा मिनिटांनी नारिंगी डाग पडला तर ती खरी. डाग नाही पडला तर ती पानं वापरू नका.

मेहंदी घरीच भिजवा

बारीक नक्षीसाठी पावडर बरी. राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातल्या सोजतची मेहंदी प्रसिद्ध आहे, तिला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. कुठलीही घ्या, पण पाकिटावर "फक्त मेहंदीची पानं" असं लिहिलेलं असावं. केसांसाठीच्या मेहंदीत इतर पावडरी मिसळलेल्या असतात आणि ती जाडसरही असते. नखांसाठी ती नको.

दहा-बारा जणींच्या नखांना पुरेल एवढं प्रमाण असं :

मेहंदी पावडर २० ग्रॅम (सुमारे तीन मोठे चमचे), लिंबाचा रस आणि पाणी मिळून सुमारे ६० मिलिलिटर, साखर एक छोटा चमचा, आणि मोठ्यांसाठी हवं असल्यास निलगिरीचं तेल अर्धा छोटा चमचा. लहान मुलींच्या मेहंदीत तेल घालूच नका.

पावडर तलम ओढणीतून दोनदा चाळा. एकही काडी राहिली तर कोनाचं टोक तुंबतं. साखर मिसळा, लिंबू-पाणी थोडं थोडं घालत दह्यासारखं घट्ट कालवा. भांड्यावर प्लास्टिक चिकटवून झाका आणि उन्हाळ्यात सहा ते आठ तास, थंडीत रात्रभर ठेवा. वरचा पृष्ठभाग गडद तपकिरी आणि आतला भाग हिरवट दिसला की रंग सुटला. ठिपकाभर तळहातावर पाच मिनिटं ठेवून पाहा, नारिंगी डाग पडला पाहिजे. तेल घालायचं ते आता घाला.

जाड प्लास्टिकच्या पिशवीचा तळहाताएवढा चौकोन कापून त्याचा कोन वळा, सेलोटेपने चिकटवा. टोक टाचणीच्या डोक्याएवढंच उघडं ठेवा. उरलेले कोन फ्रीजरमध्ये ठेवले तर दोन-तीन महिने चालतात. बाहेर ठेवलेली खरी मेहंदी दोन-तीन दिवसांत फिकी पडते. दुकानाच्या फळीवर महिनोन्‌महिने पडूनही जिचा रंग "पाच मिनिटांत" चढतो, तिच्यात मेहंदीपेक्षा दुसरंच काहीतरी काम करत असतं.

लावण्याआधी

आधी ठरवा, मग लावा. त्वचेवरची मेहंदी आठ-पंधरा दिवसांत जाते. नखावरची जात नाही. ती पुसता येत नाही, धुता येत नाही. नख वाढेल तशी पुढे सरकते आणि कापताना निघते. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे पूर्ण नख बदलायला सहा महिने लागतात. पायाचं त्याहून सावकाश, वर्ष-दीड वर्ष. मुलीच्या शाळेत मेहंदी चालत नसेल तर सुट्टी लागल्यावर लावली तरी शाळा सुरू होताना नखं रंगलेलीच असणार. अशा वेळी फक्त पायाची नखं रंगवा, मोज्यात कुणाला दिसत नाहीत.

नखं कापून, कानशीने कडा गोल करून घ्या. कानस एकाच दिशेने फिरवा, पुढे-मागे घासल्याने नख पापुद्र्यांत फुटतं. हात साबणाने धुऊन कोरडे करा. नखावर तेल किंवा क्रीम राहिलं तर रंग डागाळतो. उलट, नखाभोवतीच्या कातडीवर काडीला कापूस गुंडाळून खोबरेल तेल लावा, म्हणजे रंग कडेला पसरत नाही. जुनी पॉलिश असेल तर ती आधी पूर्ण काढा.

पाच सोप्या नक्ष्या

त्वचेवर आपण मेहंदीने रेघ काढतो. नखावर उलटं केलं तर जास्त सफाई येते : जिथे रंग नको तिथे पट्टी चिकटवायची आणि बाकी नख भरायचं. त्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारी कागदी चिकटपट्टी उत्तम, नसेल तर सेलोटेप.

चंद्रकोर. पट्टीतून नखाच्या मुळाच्या गोलाईएवढी कोर कापा आणि मुळाशी चिकटवा. कडा नखाने घट्ट दाबा. बाकी नखावर मेहंदीचा जाड थर द्या. लेप काढल्यावर पट्टी काढा. लाल नखाच्या पायथ्याशी पांढरी कोर दिसते. नवीन मुलींनी सुरुवात इथून करावी.

किनार. नखाचा खालचा भाग पट्टीने झाका, फक्त टोकाची दोन-तीन मिलिमीटर पट्टी रंगवा. शाळा-कॉलेजच्या मुलींना ही सोयीची, कारण नखं दोन-तीनदा कापली की महिन्याभरात रंग संपतो.

तिरपी पट्टी. पट्टीची बारीक, दोऱ्याएवढी तीन कातरणं नखावर तिरपी चिकटवा आणि सगळं नख भरा. तीन पांढऱ्या रेघा उमटतात. एकावर एक आडव्या-उभ्या लावल्या तर जाळी होते.

दोन छटा. मेहंदी जितका वेळ राहील तितका रंग गडद होतो. त्याचाच फायदा घ्यायचा. आधी पूर्ण नखावर लेप लावून अर्ध्या तासाने काढा. हलका नारिंगी रंग येईल. मग कोनाने त्यावर पाच ठिपक्यांचं फूल किंवा एक पान काढा आणि ते तीन-चार तास राहू द्या. नारिंगीवर तपकिरी-लाल फूल उमटतं. धाकटीची पांढरी फुलं गेली, त्यांच्या जागी आम्ही ही काढली.

वेल. बोटाच्या मधल्या पेरापासून नखापर्यंत एक नागमोडी रेघ आणि दोन्ही बाजूंना पानं काढा. शेवटचं पान नखावर संपू द्या. त्वचेवरची वेल पंधरवड्यात पुसट होते, नखावरचं पान राहतं.

ठिपके काढायला कोनाऐवजी टूथपिक किंवा संपलेल्या रिफिलचं टोक चालतं. ठिपका उंच आणि ओलसर हवा, पातळ ठिपका लगेच वाळतो आणि रंग सोडत नाही. लेप वाळायला लागला की लिंबाच्या रसात साखर विरघळवून कापसाने हलकेच टिपा.

चांदरातीचं वेळापत्रक

चांदरातीला घाई होते आणि घाईत नमाज किंवा रंग, एक काहीतरी बिघडतं. आमच्या घरी आता ठरलेला क्रम आहे. मेहंदी सकाळीच भिजवून ठेवायची. इशा झाल्यावर लावायला बसायचं. आधी लहान मुली, मग मोठ्या, शेवटी ज्या स्वयंपाकघरात असतात त्या. शेवटच्या बाईच्या वाट्याला फक्त वाळलेला कोन येतो, तसं होऊ देऊ नका, तिच्यासाठी एक कोन बाजूला काढून ठेवा. रात्री झोपताना लेप तसाच ठेवला तर हातावर सैल सुती कापड गुंडाळा.

फजरच्या आधी उठून लेप बोथट चमच्याने किंवा दुसऱ्या नखाने खरवडा. कोपऱ्यांत आणि नखाखाली अडकलेले कण खोबरेल तेलाच्या कापसाने काढा, मग पाण्याने धुऊन वुजू करा. काही जणी रंग गडद व्हावा म्हणून बारा तास पाणी टाळतात. त्यासाठी वुजू टाळायचं काही कारण नाही, नखात चढलेला रंग पाण्याने उतरत नाही.

ईदुल फित्रला रंगवलेलं नख बकरी ईदपर्यंत कसं दिसतं, हे पाहायला मुलींना मजा वाटते. मधले सुमारे ६८ दिवस, म्हणजे नख जवळजवळ ७ मिलिमीटर पुढे जातं. खालून कोरं नख येतं आणि वर लाल किनार उरते. कुर्बानी करणाऱ्यांनी जिलहिज्जचा चांद दिसल्यापासून कुर्बानी होईपर्यंत नखं कापू नयेत असं हदीसमध्ये आहे. त्यामुळे त्या दहा दिवसांत ही किनार आणखी उठून दिसते.

काळ्या मेहंदीपासून सावध

आता जे सांगते ते या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं. काळी मेहंदी म्हणून झाड नाही. मेहंदीचा रंग नारिंगी ते गडद तपकिरी-लाल एवढाच. काळा कुळकुळीत रंग आणायचा असेल तर त्यात बहुतेक वेळा केस काळे करण्याचं रसायन घातलेलं असतं. त्याचं नाव पॅराफेनिलीनडायमाइन, लेबलवर पीपीडी लिहितात. केसांच्या कलपात ते मर्यादित प्रमाणात वापरतात. युरोपात त्याची मर्यादा २ टक्के आहे आणि त्वचेवर लावायला परवानगीच नाही. गल्लीत मिळणाऱ्या काळ्या कोनात ते किती आहे, हे कोण मोजणार?

माझ्या थोरल्या मुलीला एका लग्नात हौसेने काळी मेहंदी काढली. सुंदर दिसत होती. तिसऱ्या दिवशी हाताला खाज सुटली, चौथ्या दिवशी बरोबर नक्षीच्या रेघांवर पाण्याचे फोड उठले. वेल जशी काढली होती, तशीच फोडांची वेल. त्वचेच्या डॉक्टरांच्या औषधाने फोड गेले, पण फिकट खुणा वर्षभर राहिल्या. डॉक्टरांनी सांगितलं, ही अ‍ॅलर्जी एकदा झाली की जन्मभर राहते. उद्या केस पांढरे झाले तरी तिला साधा कलप लावता येणार नाही. त्या दिवशी मी लेबल वाचायला शिकले.

म्हणून कोन विकत घेताना तीन गोष्टी पाहा. रंग काही मिनिटांत काळा होतो असं लिहिलंय का? पेट्रोल-रॉकेलसारखा उग्र वास येतो का? घटकांची यादी छापलेली नाही का? एका जरी प्रश्नाचं उत्तर "हो" असेल तर ठेवून द्या. "नेल मेहंदी" म्हणून बाटलीत मिळणारे लाल द्रव घेतलेच, तर आधी एका नखावर लावून पाहा. वाळल्यावर खरवडून पापुद्रा निघाला तर ती मेहंदी नाही, पॉलिशच आहे.

तान्ह्या आणि अगदी लहान मुलांच्या हाता-पायांना मेहंदी लावू नका, खरीसुद्धा. जी-सिक्स-पीडी नावाच्या घटकाची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी मेहंदीमुळे फुटून कावीळ होऊ शकते. अकीक्याच्या दिवशी बाळाच्या पायाला लाल करण्याची हौस आवरलेली बरी. घरात कुणाला ही कमतरता असल्याचं माहीत असेल, तर मोठ्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

नेलपॉलिश लावायचीच असेल तर

ज्या दिवसांत मुलींना नमाज माफ असते, त्या दिवसांत काही जणी पॉलिश लावतात. हरकत नाही, पण दोन गोष्टी. गुस्लच्या आधी ती पूर्ण निघाली पाहिजे, कारण गुस्लमध्येही पाणी सगळीकडे पोचायला हवं. आणि रंगवलेल्या नखांवरून घरातल्या बायकांनी, विशेषतः पुरुषांसमोर, मुलीला काही विचारू नये. त्या लाजेनेच मुली हात लपवायला लागतात.

घरी फुलं काढायला महागड्या साधनांची गरज नाही. आधी पारदर्शक पॉलिशचा एक हात द्या, म्हणजे गडद रंगाने नख पिवळं पडत नाही. मग रंगाचे दोन पातळ हात, मध्ये पाच मिनिटं वाळू द्या. टाचणीचं डोकं पांढऱ्या पॉलिशमध्ये बुडवून गोलात पाच ठिपके द्या, मध्ये एक पिवळा. ते नीट वाळल्यावर वरून पुन्हा पारदर्शक हात.

काढताना कापूस रिमूव्हरमध्ये भिजवून नखावर दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, मग ओढून काढा. चमकीची पॉलिश असेल तर ओला कापूस नखावर ठेवून वरून फॉइल गुंडाळा आणि पाच मिनिटं थांबा. सुरी किंवा ब्लेडने खरवडू नका. शेवटी कोपरे उजेडात पाहा, थर तिथेच उरतो. पॉलिश आणि रिमूव्हर दोन्ही लगेच पेट घेतात. गॅस चालू असलेल्या स्वयंपाकघरात किंवा अगरबत्ती-मेणबत्तीजवळ बाटली उघडू नका. आणि रिमूव्हर घरात ठेवा! माझ्या मुलीच्या चार दिवसांच्या घालमेलीचं अर्धं कारण ती एक छोटी बाटली होती.

नख निरोगी तर नक्षी शोभते

नखं कापणं ही फितरतमधली गोष्ट आहे. चाळीस दिवसांहून जास्त काळ ती वाढू देऊ नयेत, असं सहीह मुस्लिममधल्या रिवायतीत आहे. दर जुम्याला कापली तर उत्तमच. रात्री झोपताना नखांच्या मुळाशी खोबरेल तेलाचा एक थेंब चोळा. भांडी-कपड्यांचं काम जास्त असेल तर रबरी हातमोजे वापरा, सतत पाण्याने नख मऊ होऊन फुटतं. नख जाड, पिवळं, भुसभुशीत झालं असेल किंवा त्यावर नवी काळी रेघ दिसत असेल, तर रंगाखाली झाकू नका, डॉक्टरांना दाखवा. ऑपरेशनला जाताना पॉलिश काढून जा. बोटाला लावायचं ऑक्सिजन मोजण्याचं यंत्र गडद रंगामुळे चुकीचा आकडा दाखवू शकतं. एका बोटाचं नख कोरं ठेवण्याची सवय असली तर आयत्या वेळी अडत नाही.

त्या रमजानच्या चांदरातीला धाकटीने दादीच्या नखांवर चंद्रकोर काढली. दादींचा हात थरथरतो, पट्टी दोनदा सरकली, कोर थोडी वाकडी झाली. दुसऱ्या दिवशी नमाजेनंतर भेटायला आलेल्या प्रत्येक बाईला त्या हात पुढे करून दाखवत होत्या. शेजारच्या तीन मुलींनी धाकटीला बकरी ईदसाठी आधीच सांगून ठेवलं. तिची अट एकच : आधी रिमूव्हरने पॉलिश काढून या, मग बसा.

आपल्या घरात कुणी ओढणीखाली हात लपवत असेल, तर आधी तिची नक्षी कशी जमली आहे ते पाहा. मग मसला सांगा. आणि येत्या ईदला तिच्याबरोबर स्वतः मेहंदी भिजवायला बसा.